शेवटच्या लाद्या विरघळेपर्यंत

९ डिसेंबर

आज सकाळी मशीन बंद केलं. कॉम्प्रेसरचा पट्टा थांबला, तरी आम्ही सगळे एकमेकांवर ओरडतच राहिलो. दहा महिने त्या धडधडीवर आवाज चढवून बोलायची सवय. ती काय बटण दाबून जाते? आई वरच्या गॅलरीतून "चहा घेणार का?" असं किंचाळली, तर समोरच्या घरातला माणूस म्हणाला, "हो, अर्धा कप."

थंडीत बर्फ कोण घेणार? म्हणून आमचा बर्फाचा कारखाना दरवर्षी दोन महिने झोपतो. खाली कारखाना, वर घर. एका बाजूला मी, माझा नवरा आणि आई. दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ आणि भावजय. धाकट्याने चाळिशी ओलांडली, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटलं नाही : घुम्या. विचारल्याशिवाय बोलायचा नाही, आणि विचारलं तरी अर्ध्याच वेळा. मशीन त्याचं, माणसं माझी. गिऱ्हाइकं, कामगार, कचेऱ्यांतले साहेब आणि आमची लहान बर्फवाल्यांची संघटना, या सगळ्यांशी तोंड चालवायचं काम माझं.

आणि आता तोंड बंद. अण्णांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा नियम : शेवटच्या फेरीच्या लाद्या विकायच्या नाहीत. मागच्या छपराखाली एकावर एक रचायच्या, आणि त्या विरघळेपर्यंत घरात कामाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. विश्रांती म्हणजे विश्रांती. शेवटचा तुकडा गेला की त्याच संध्याकाळी गच्चीवर बसून पुढचं वर्ष ठरवायचं, आणि पहिला शब्द सगळ्यात धाकट्याचा. मध्येच कोणी बोललं, तर त्याने बर्फावर तळहात ठेवून एकोणतीसचा पाढा म्हणायचा. अण्णा गेले, नियम राहिला. मी आयुष्यभर लोकांना नियम मोडायला शिकवलं, पण बापाचा नियम मोडायला माझाही हात धजत नाही.

यंदा मात्र जीभ वळवळते आहे. बाहेरच्या रस्त्यावर मोठ्या कंपनीचा बर्फाचा कारखाना उभा राहतो आहे : पांढरा पत्रा, खिडकी एकही नाही. आम्हा लहानांपुढे दोनच वाटा, आडवं पडायचं किंवा उभं राहायचं. मी उभं राहणार. दुसरी टाकी बांधायची, दुप्पट लाद्या काढायच्या, थंडीतही मशीन चालू ठेवायचं. २९ तारखेला संघटनेची सभा आहे. तिथे हे जाहीर करायचं. त्याआधी गच्चीवरची बैठक व्हायला हवी, म्हणजे त्याआधी बर्फ जायला हवा.

घुम्याला काय विचारायचं? घास घेताना कोणी हाताला विचारतं का?

१० डिसेंबर

न्याहारीलाच सापडले. "छपराचा पत्रा बदलायला हवा" एवढंच म्हणाले. माझा नवरा चित्रकलेचा मास्तर, त्याला दुसऱ्याची शिक्षा म्हणजे मेजवानी. "पत्रा कारखान्याचा की घराचा?" त्याने विचारलं. कारखान्याचाच. गेले खाली. एकोणतीस दुणे अठ्ठावन्नपर्यंत हात आहे हे कळतं, त्यानंतर कळत नाही.

दिवसभर करू काय? तीन पुस्तकं काढून ठेवली होती. तिन्हींची पहिली पंचवीस पानं वाचून समासात लेखकांशी भांडले. कपाट लावलं. लावलेलं कपाट पुन्हा लावलं. विश्रांती हे निरोगी माणसाला दिलेलं दुखणं आहे.

१२ डिसेंबर

सकाळी बर्फ बघायला गेले, तर लाद्यांवर गोणपाट! नीट, चारी बाजूंनी खोचलेलं. बर्फ झाकला की टिकतो, हे आमच्याकडच्या मांजरालाही ठाऊक आहे. म्हणजे हे मुद्दाम. मी उपसून फेकलं. मास्तरला विचारलं, तर म्हणाला, "बर्फाला थंडी वाजत असेल."

मला घुम्याचा संशय आहे. त्याला माझ्या डोक्यातल्या टाकीचा वास लागला असणार आणि जास्तीच्या कामाचा कंटाळा आला असणार. बोलायचं नाही, पण अडवायचं. घुमेपणासुद्धा एक राजकारणच असतं.

१३ डिसेंबर

नाही, घुम्यावर मी उगाच संशय घेतला. आज खाली उतरले तर तो मशीनघरात तांबडा रंग आणि बारीक ब्रश घेऊन बसला होता. प्रत्येक व्हॉल्व्हवर बाण काढत होता : हा उघडायला असा, बंद करायला तसा. खाली ठळक अक्षरांत कोणता कशाचा तेही लिहिलेलं. वीस वर्षं जे सगळं त्याच्या बोटांत होतं ते भिंतीवर उतरत होतं. मला भरून आलं. दुसरी टाकी आली की नवी माणसं येणार. त्यांच्यासाठी हा आधीच तयारी करतो आहे! न सांगता! माझं मन माझ्याआधी याला कळतं.

"ताई," तो म्हणाला, "जरा इकडे ये. हा पाण्याचा व्हॉल्व्ह एकदा फिरवून बघ."

"अरे! नियम?"

"बोलत नाहीये. फिरव फक्त."

"फिरवणं म्हणजे कामच. आणि तू बोललास, हे मी ऐकलं."

"ताई, मला तुला एक..."

"एकही नाही आणि दोन नाही. चल, पाढा!"

गेला बिचारा. बर्फावर हात ठेवून, माझ्याकडे बघत, एकोणतीस दाहे दोनशे नव्वदपर्यंत एका सुरात म्हटला. मी मध्येच हात काढून घेतला असता. त्याने पाढा संपल्यावरही काढला नाही. मीच ओढून काढला. लाल झाला होता.

"काय सांगत होतास?"

"राहू दे. विरघळू दे आधी."

असा भाऊ मिळायला भाग्य लागतं.

१५ डिसेंबर

भावजयीने माळ्यावरची मोठी ट्रंक मागितली. ती दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे मदतनीस आहे. तिला कधी सुट्टी नसते. म्हटलं, "कुठे निघालात की काय?"

"बघू, ताई," म्हणाली आणि ट्रंकेवरची धूळ इतकी पुसली, इतकी पुसली की रंग जाईल.

चांगलं आहे. फिरून येऊ देत दोघं. तिने गॅलरीतल्या कुंड्यासुद्धा आईकडे आणून ठेवल्या. मी म्हटलं, "अगं, आठवड्याभराला कशाला कुंड्या हलवतेस? मी घालीन पाणी." त्यावर आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं भाषणात चुकीचा आकडा सांगितल्यावर जाणकार पाहतो. म्हातारपणी माणसं कशावरही रागावतात.

१७ डिसेंबर

आता हद्द झाली. लाद्यांवर भुसा! नुसता टाकलेला नाही, फटींमध्ये दाबून भरलेला. जुन्या काळी रेल्वेने बर्फ पाठवताना भरायचे तसा. मी तिथेच उभी राहून आरडाओरडा केला : "हा कट आहे! समोर येऊन बोला! भित्र्यांनो!" समोरचा माणूस खिडकीत आला, माझं ऐकून घेतलं आणि खिडकी लावून घेतली.

वर आले तर आई चुलीपाशी हात शेकत बसलेली. बोटं बर्फासारखी गार, लुगड्याचा काठ ओला, त्याला कसलीशी कुसळं चिकटलेली. मी चिडले. "आई, एवढ्या पहाटे भांडी घासायला बाहेर का जातेस? आम्ही मेलो का?"

"मग काय करू, झोप येत नाही," आई म्हणाली.

"तुला नाही येत, मला नाही येत. विश्रांतीचे दिवस आहेत म्हणे!"

गरम पाण्याची पिशवी दिली तिला. मग मास्तरला धरलं. "खरं सांगा, अहो. भुसा तुम्ही टाकलात ना?"

त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "टाकला."

"का?"

"तू गप्प असतेस ते दिवस वाढावेत म्हणून."

आई फस्सकन हसली. ती हसली म्हणून मीही हसले, पण रात्रीपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. त्याला हेच हवं होतं, हे उशिरा लक्षात आलं.

१९ डिसेंबर

भुसा काढून टाकते, सकाळी पुन्हा असतो. मास्तर मात्र माझ्याआधी कधी उठलेला मी पाहिला नाही. हा माणूस झोपेत चालतो की काय?

सभा दहा दिवसांवर आली. भाषणाचं टिपण काढायला बसले. लाद्या असेपर्यंत लिहिणंही नियमात बसतं का? अण्णा असते तर म्हणाले असते, "पोरी, तुझ्या लिहिण्याचाही आवाज येतो." पाय स्वस्थ राहत नाहीत. गच्ची ते जिना, जिना ते छप्पर. तो ढिगारा ढिम्म हलत नाही. मोर्चापुढे उभ्या राहिलेल्या पोलिसासारखा.

२० डिसेंबर

केलं. लिहून टाकते. विरघळू द्यायचा, असं नियमात आहे. कशाने विरघळवायचा नाही, असं नाही.

टाकीतलं खारं पाणी बादलीने काढलं आणि लाद्यांवर ओतलं. आमच्या धंद्यातली गंमत ही, की लाद्या गोठतात त्या याच खाऱ्या पाण्यात बुडवलेल्या डब्यांत, आणि डब्याबाहेर हेच पाणी त्यांना खाऊन टाकतं. मग बर्फ फोडायचा टोच्या घेतला. तडाखे हाणत सुटले. घाम फुटला, बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी काम केलं!

वर पाहिलं तर आई मागच्या जिन्यावर, शाल गुंडाळून उभी. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

"थांब गं अजून थोडं," ती म्हणाली.

"कशासाठी थांबू?"

"थंडी आहे."

"थंडीचा आणि याचा काय संबंध?"

"विरघळलं की विरघळलंच ना," आई म्हणाली आणि भिंतीला धरून वर गेली.

तिचं वय झालं आहे. पुढच्या वर्षी तिला या गोष्टींत गुंतवायचं नाही. सायंकाळपर्यंत दोन मुठी बर्फ उरला. उद्या.

२१ डिसेंबर

गच्चीवर बसलो. सतरंजी, थर्मास, आईला खुर्ची. मी आतून उकळत होते. दुसऱ्या टाकीचं माझं मांडणं तासभर पुरेल एवढं तयार होतं. पण पहिला शब्द धाकट्याचा. म्हटलं, हा नेहमीप्रमाणे "काही नाही" म्हणेल की मी सुरू.

घुम्या म्हणाला, "ताई, मी जाणार आहे."

"फिरायला? जा की. कळलं मला."

"फिरायला नाही. डोंगरावरच्या गावात फळबागायतदारांनी शीतगृह बांधलंय. मशीन बघायला बोलावलंय. घर देतायत. हिला तिथल्या दवाखान्यात काम आहे. फेब्रुवारीत."

मला वाटलं थट्टा आहे. मी मास्तरकडे पाहिलं. तो थर्मासचं झाकण लावत होता, लागलेलंच. भावजय सतरंजीचा धागा ओढत होती. आई कुणाकडेच बघत नव्हती. म्हणजे सगळ्यांना ठाऊक! एकटी मीच...

"का?" मी विचारलं.

त्याने सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाला, "इथे मशीन बोलतं आणि तू बोलतेस."

याचा अर्थ काय? मी विचारलंही नाही. मी सुरुवात केली. खरं सांगते, इतकी चांगली मी कुठल्याच सभेत बोलले नव्हते. अण्णांनी एका डब्यापासून कारखाना कसा उभा केला, कंपनी कशी दारात आली आहे, ऐन लढाईत घरचाच माणूस कसा उठून जातो. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, हे म्हटलं. आईच्या वयाबद्दल बोलले. कामगारांच्या चुलींबद्दल बोलले. त्याच्या प्रत्येक कारणाला माझ्याकडे तीन उत्तरं होती, आणि त्याने तर एकच कारण दिलं होतं. शेजारच्या गच्चीवरची माणसं दोरीवरचे वाळलेले कपडे काढायचं सोडून ऐकत उभी राहिली.

शेवटी तो म्हणाला, "बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं. राहतो."

मी त्याला मिठी मारली.

२२ डिसेंबर

जिंकले! एक माणूस वळवणं हे हजारांची सभा वळवण्यापेक्षा अवघड. आज दुसऱ्या टाकीचा सगळा बेत कागदावर आला. गाढ झोप लागली असती, पण विचार थांबेनात.

आईला म्हटलं, "आता तरी हसशील?"

"जिंकलीस ना," ती म्हणाली. "जेव आता."

२५ डिसेंबर

घरात भांडत कोणी नाही. सगळं सुरळीत आहे. भावजयीने ट्रंक परत दिली, "ताई, धन्यवाद" म्हणून. आमच्या घरात कोणी कोणाला धन्यवाद म्हणत नाही. घुम्या तीन वेळचं वेळेवर जेवतो, विचारलं की टाकीची मापं सांगतो. पूर्वी विचारलं तर अर्ध्या वेळा बोलायचा. आता प्रत्येक वेळी उत्तर देतो. हे मला आवडायला हवं.

मास्तर संध्याकाळी म्हणाला, "तुला एक विचारू? तो 'राहतो' म्हणाला, तेव्हा तू त्याच्याकडे बघत होतीस की शेजारच्या गच्चीकडे?"

मी म्हटलं, "मत्सर बरा नव्हे."

तो हसला नाही. आज पहिल्यांदाच.

२९ डिसेंबर

सभा झाली. हॉल भरलेला, लहान बर्फवाले, त्यांची माणसं, बायकामुलं. घुम्या नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत, कडेला. माझं एकही भाषण त्याने चुकवलेलं नाही. हे मी पूर्वी कधी लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून लिहिते.

मी पेटले होते. कंपनीचा माणूस आमचे कारागीर कसे फोडतो, त्यांच्याकडून वर्षानुवर्षांच्या करारांवर कशा सह्या करून घेतो, तिथे आले. म्हटलं, "माणूस म्हणजे काय मशीनचा नटबोल्ट आहे? मालकाला हवा तिथे बसवला, हवा तेवढा पिळला? आपलं आयुष्य कुठे खर्चायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं! दुसऱ्या कोणीही नाही! मग तो दुसरा कितीही मोठा असो, कितीही..."

पुढचा शब्द तोंडात आला तो "जवळचा" असा. तो मी कागदावर लिहिला नव्हता.

टाळ्या कडाडल्या. पहिल्या रांगेत घुम्या टाळ्या वाजवत होता. टोमणा म्हणून नव्हे, मनापासून, हात डोक्याच्या वर नेऊन. मला त्याच्या चेहऱ्यावर टोमणा सापडला असता तर किती बरं झालं असतं. मी शोधला. नव्हता.

मी पुढचं वाक्य बोललेच नाही. लोकांना वाटलं घसा बसला. कोणी पाणी आणलं, कोणी लवंग आणली. दुसऱ्या टाकीचं जाहीर करायचं राहून गेलं.

३० डिसेंबर

सकाळी मशीनघरात गेले. तो पट्ट्याला मेण लावत होता.

"जा," मी म्हटलं.

"कुठे?"

"डोंगरावर. तुझ्या फळांकडे."

तो मेणाचा गोळा हातात धरून उभा राहिला. "पण तू त्या दिवशी..."

"काल काय बोलले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. फार चांगलं झालं."

"मग?"

"मला वाटलं, ते कंपनीबद्दल होतं."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हटलं.

एवढ्यावर थांबणं किती कठीण गेलं म्हणून सांगू! "जा" या शब्दामागून वीस वाक्यं दारापर्यंत आली होती : पण महिन्यातून एकदा ये, पण आईचा विचार कर, पण हंगामात मशीन अडलं तर. प्रत्येकाच्या तोंडी "पण". एकालाही बाहेर सोडलं नाही.

"इथलं मशीन कोण बघणार?" त्याने विचारलं.

"मी."

आणि घुम्या हसला. असा हसला, की भिंतीला टेकावं लागलं. "ताई, मशीनशी भांडून ते चालत नाही गं!"

वर जाऊन आईला सांगितलं. तिने भावजयीच्या कुंड्यांना पाणी घातलं, तळातून वाहून जाईपर्यंत. मग आत जाऊन स्वतःच्या हाताने ती ट्रंक ओढायला लागली. मी म्हटलं, "अगं, कंबर मोडेल!" तर म्हणाली, "तू वाकलीस, तुझी मोडली नाही ना? मग माझीही नाही मोडत." मला अजून तिच्या बोलण्याचा अर्थ नीटसा लागलेला नाही. थंडीत बाहेर जायचं मात्र तिने आपणहून सोडलं आहे. पहाटे झोपून असते. बरं झालं.

८ जानेवारी

रोज शिकवणी चालू आहे. मी पंचावन्न वर्षांची विद्यार्थिनी, आणि मास्तर दारात उभा राहून माझी चित्रं काढतो : तेलाने माखलेली, तोंड मिटलेली. म्हणतो, दुसरी गोष्ट दुर्मिळ आहे.

पहिल्या दिवशीच घुम्याने सांगितलं, मशीनजवळ बोलायचं नाही. ऐकायचं. आज त्याने तासभर रिकामं मशीन चालवलं. "तिसऱ्या ठोक्याला काय होतं ते ऐक," म्हणाला. मला काहीच होत नाही असं वाटलं. तसं म्हणायला तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा ऐकलं. सगळे ठोके सारखेच. मग कधीतरी, मी थकून विचार करायचं सोडल्यावर, एक ठोका किंचित जड पडला. पुन्हा पडला. मी बोट वर केलं. त्याने मान हलवली. 

तो बोलत असतो, असं आता ध्यानात येतं आहे. डोंगरावरच्या घराबद्दल, तिथल्या मशीनबद्दल, भावजयीला उंचीवर जरा दमायला होईल त्याबद्दल. काल त्याने मला अण्णांची एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. मी मध्ये बोलले नाही, म्हणून ती पूर्ण झाली.

दुसरी टाकी यंदा नाही. एक टाकी, एक मशीन आणि शिकाऊ मी. कंपनीशी लढायचंच आहे. तेवढी शुद्ध आहे.

दुपारी तो म्हणाला, "आता तू बंद कर. आधी पाणी."

मी पाण्याचा व्हॉल्व्ह धरला आणि फिरवला. उलटा. त्याचा हात झटकन पुढे आला, माझ्या मनगटापर्यंत आला, आणि थांबला. मग त्याने तो मागे घेतला आणि खिशात घातला.

मी तो दुसऱ्या बाजूने फिरवला.